केरात गेलेले तारे

३ मार्च

प्रिय बेबी,

आपल्या दोघींना मिळून एकच टेबल होतं, आठवतं? खिडकीखालचं, एक पाय आखूड असलेलं. मी मधोमध खडूची रेघ मारायचे आणि तू अभ्यास करता करता कोपराने ती पुसत माझ्या बाजूला सरकायचीस. परीक्षा जवळ आली की माझ्याकडे वहीपुरतीच जागा उरायची. मी ओरडले की तू अगदी साळसूदपणे विचारायचीस, "रेघ कुठाय? दाखव ना, ताई." आई आतून म्हणायची, "दोघींनाही जमिनीवर बसवीन." मग दोघी गप्प. एका दुपारी तू माझ्या भूमितीच्या वहीवरच गाल ठेवून झोपलीस, तोंड उघडं टाकून. मी वही ओढली नाही. दुसऱ्या दिवशी शाळेत सिस्टरनी त्या पानावर बोट ठेवून विचारलं, "हा डाग कसला?" मी म्हटलं, पाणी सांडलं. आयुष्यात सिस्टरांशी खोटं बोलले ते तेवढंच, आणि तेही तुझ्या लाळेसाठी.

पण हे पत्र त्यासाठी नाही.

कागदावर लिहितेय, कारण तुझ्या मेलना तुझी सहायिका उत्तरं देते. सभ्य मुलगी आहे. गेल्या खेपेस तिने मला 'आदरणीय महोदया' लिहिलं. तुझ्या सख्ख्या बहिणीला! म्हणून कामाचं तेवढं तिला मेलवर धाडते आणि बाकीचं तुला असं.

मी अजून त्याच खोलीत आहे, जिन्याखालच्या. काम तेच. तुला सांगायची गरज नाही, तरी सांगते, कारण तू हल्ली दिवसभर बैठकांतच असतेस असं ऐकलंय आणि माणूस विसरतं. आमचे तीन छोटे कॅमेरे निरभ्र आकाश असलं की सगळ्या आभाळाचे फोटो घेतात. एकेका ताऱ्याचा प्रकाश म्हणजे एकेक ठिपका, आणि वर्षानुवर्षांचे ठिपके मिळून एक आलेख. असे लाखो आलेख. त्यांतून मी तापट तारे शोधते. निळे-पांढरे, इतक्या वेगाने गरगरणारे की ओली छत्री गरकन फिरवल्यावर कडेने पाणी उडावं तसा त्यांच्या कमरेपासून वायू उडतो. त्याचं कडं बनतं, तारा काही आठवडे उजळतो, मग निवतो. आधी रंगावरून गाळायचं, मग चढउतारावरून, आणि जे उरतील ते मी एकेक करून डोळ्यांनी बघते. त्यातून टिकले ते उमेदवार. खरे की खोटे ते मोठ्या दुर्बिणीतून वर्णपट घेतल्यावरच कळायचं. तुझे भाऊजी रोज संध्याकाळी विचारतात, "किती उमेदवार उभे राहिले आज? आणि निकाल कधी?"

बेबी, उमेदवार फार कमी निघतात. असायला हवेत त्याच्या निम्मेही नाहीत. गेल्या काही महिन्यांत मी एक गोष्ट केली, जी कोणी करत नाही. तुझ्या केरसुणीने झाडून झाल्यावरच्या नाही, झाडायच्या आधीच्या कच्च्या नोंदी उघडून बघितल्या.

केरसुणी तुला आठवत असेलच. याच खोलीत लिहिलास तू तो प्रोग्राम, आणि नाव मी ठेवलं. एखादा ठिपका शेजाऱ्यांपेक्षा फारच वर, एकटा दिसला की तो कचरा समजून टाकायचा: विमान, उपग्रह, काचेवरची धूळ. बरोबरच आहे, बहुतेक वेळा कचराच असतो. पण ढगाळ महिन्यांत आमच्याकडे पंधरवड्यात एखाददुसराच ठिपका मिळतो. अशा वेळी ताऱ्याचा सगळा भडका म्हणजे ते दोनच ठिपके. तुझी केरसुणी दोन्ही उचलते आणि बाहेर टाकते. मग उरलेला आलेख सपाट. तारा शांत, समंजस, कधीच न उसळलेला.

मी केर उपसला. त्यात तारे आहेत.

आता घाई अशी की झाडलेली यादी अंतिम म्हणून लवकरच जाहीर होणार आहे आणि ती झाली की कच्च्या नोंदी पुसून डिस्का नव्या कॅमेऱ्याला देणार आहेत. एकदा पुसल्या की संपलं. आमचे प्रमुख म्हणतात, एक तरी वर्णपट आणा, मग थांबवतो. आमच्याकडे तशी दुर्बीण नाही. तुझ्याकडे आहे. माझा एक तारा या घटकेला भडकलेला आहे. थोड्या दिवसांत तो सूर्याच्या उजेडात बुडेल, मग कित्येक महिने दिसायचा नाही. त्याचा आकाशातला पत्ता तुझ्या सहायिकेला पाठवलाय.

एक तारा बघ. फक्त एक.

इकडे सगळं ठीक. तुझे भाऊजी मजेत, मी मजेत.

तुझी
ताई

१४ मार्च

प्रिय बेबी,

उत्तर नाही. पत्र मिळालं नसेल असं मी स्वतःला सांगत होते, पण पोहोचपावतीवर सही आहे आणि ती तुझी आहे. 'ब'चं पोट अजून तसंच फुगवतेस. मेललाही उत्तर नाही.

काल बैठक झाली. आमच्या प्रमुखांना आम्ही मागून 'पुढचा आठवडा' म्हणतो, का ते तुला लगेच कळेल. मी माझे आलेख लावले. झाडण्याआधीचा डावीकडे, नंतरचा उजवीकडे. डावीकडे भडका, उजवीकडे सपाट रान. असे एकामागून एक. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"मॅडम, तुमच्या भावना समजतात मला."

"भावना नाहीत हो, तारे आहेत."

सगळे हसले. म्हणजे विनोद झाला म्हणून हसले. मला विनोद करायचा नव्हता.

"ठिपके आहेत, मॅडम. दोन-दोन ठिपक्यांवर तारा उभा राहत नाही. वर्णपट आणा, मग बोलू."

"तोवर पुसणं थांबवा."

"बघू ना. पुढच्या आठवड्यात बघू."

माझ्या शेजारी एक बाई बसते, आमच्याकडचं संगणकाचं सगळं तीच बघते. घरी जुळी पोरं आहेत म्हणून ऑफिसभर तिला 'जुळ्यांची आई' म्हणतात. ती माझ्या कानाशी पुटपुटली, "बाई, यांच्या पुढच्या आठवड्यात रविवार येतच नाही का हो?" मला हसू आलं असतं, एरवी.

मग विषय माझ्या खुर्चीवर गेला. म्हणजे, माझी खोली कोणाला द्यायची यावर. हे तुला मागच्या पत्रात लिहिलं नव्हतं. मुदतवाढ संपते आहे, पुढच्या महिन्यात मी जाणार. त्यात काही विशेष नाही, सगळेच जातात. पण मी जायच्या आधी पुसल्या गेल्या तर नंतर कोण भांडणार? झाडलेली यादी इतकी स्वच्छ दिसते, बेबी, की तिच्यात काही कमी आहे असं कोणाला वाटणारही नाही. सारवलेल्या जमिनीकडे बघून, इथून काय उचलून टाकलं, असं कोणी विचारतं का?

गणिताच्या सिस्टर आठवतात? त्यांच्या वर्गात खोडरबर आणायला बंदी होती. चूक झाली तर तिच्यावरून एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. तू एकदा पान फाटेपर्यंत खोडलंस म्हणून तुला बाकावर उभं केलं होतं. वर सिस्टर तुला म्हणाल्या होत्या, "आज जी चूक वाटते ती उद्या बरोबर निघाली, तर कुठून आणशील?" तू रडलीस. मधल्या सुट्टीत मी तुला माझा डबा दिला आणि तू तो सगळा संपवलास, मला विचारलंसुद्धा नाहीस.

तुझ्या केरसुणीने निदान कचरा कोपऱ्यात ठेवला होता. आता हे कोपराच जाळायला निघालेत.

तू का गप्प आहेस ते मला माहीत नाही असं नाही. त्या परिषदेत मी आलेख दाखवत होते आणि तू अध्यक्षांच्या खुर्चीतून म्हणालीस, "ताई, डोळ्यांनी बघायचे दिवस गेले आता." सभागृह हसलं. मीही हसले. कोणाच्या लक्षात आलं नसेल तर सांगते, मी हसले होते. त्यानंतर तू फोन केलास, तो मी घेतला नाही. मग मी केला, तो तू घेतला नाहीस. पुढे दोघींनीही नाद सोडला. एवढंच तर झालं. लोकांच्या घरात जमिनीवरून डोकी फुटतात, त्या मानाने आपलं काहीच नाही, आणि तरी बघ.

ते सगळं बाजूला ठेव. माझ्यावर रागावलेली राहा हवं तर. ताऱ्यावर कशाला?

ताई

२३ मार्च

बेबी,

तुझ्या सहायिकेचं उत्तर आलं. जसंच्या तसं देते: 'आपण सुचविलेल्या ताऱ्याचे निरीक्षण करण्यात आले. तारा थंड व तांबडा असून उष्ण ताऱ्याची कोणतीही लक्षणे आढळली नाहीत. आपल्या सहकार्याबद्दल आभार.'

'पुढचा आठवडा' यांनी ते जेवणाच्या सुट्टीत, सगळ्यांच्या टेबलासमोर उभं राहून वाचलं. या एका बाबतीत त्यांनी आठवडा थांबायची गरज ठेवली नाही. "मॅडम, आता तरी..." एवढंच म्हणाले आणि हात असे पसरले, जणू माझं कोणी नातेवाईक गेलं होतं.

घरी येऊन सांगितलं तर तुझे भाऊजी म्हणाले, "म्हणजे उमेदवाराचं डिपॉझिटच जप्त?" मी जेवताना त्यांच्याशी बोलले नाही. नंतर त्यांनी भांडी घासली, नेहमीपेक्षा जास्त आवाज करत. त्यांची माफी मागायची हीच रीत आहे. एका बशीचा टवका उडाला, म्हणजे माफी मनापासून होती.

तो तारा थंड कसा असेल? भडकला तेव्हा त्याचा निळा प्रकाश तांबड्यापेक्षा जास्त वाढला होता. थंड तारा असा वागत नाही. मी आलेख काढून बसले, परत परत तेच बघत. आपली नजर गेली की काय, असं प्रथमच वाटलं. तू म्हणाली होतीस तेच खरं, असंही.

दुसऱ्या दिवशी सकाळी जुळ्यांची आई आली, पर्स अजून खांद्यालाच.

"बाई, तुम्ही पत्ता कुठून घेतलात?"

"म्हणजे? यादीतून."

"कुठल्या?"

"जी जाहीर होणार आहे ती. घाईत होते, समोर उघडीच होती."

दुसऱ्या एका मोठ्या दुर्बिणीने काढलेला जुना, बारीक फोटो तिने माझ्यापुढे उघडला आणि बोट ठेवलं. "हे बघा. इथे एक नाही. दोघी आहेत."

खरंच दोन तारे, एकमेकांना चिकटून. एक तांबडा, ठळक. त्याच्या कडेला एक निळसर, बारीक. आमच्या कॅमेऱ्यांना ते दोन मिळून एकच दिसतात आणि यादीत त्या एकाचा पत्ता लिहिलाय तो ठळक असलेल्या तांबड्याचा. तुझ्या दुर्बिणीने इमानदारीने त्या पत्त्यावर जाऊन दार वाजवलं, आणि दार शेजारणीने उघडलं.

मी इतके दिवस झाडलेल्या यादीला नावं ठेवत होते, आणि पत्ता तिच्याकडूनच घेतला. तो बारीक फोटो आधी बघायला मला चहा प्यायला लागतो तेवढाही वेळ लागला नसता. हे मी नव्या पोरांना शिकवत आले आहे: शेजार बघितल्याशिवाय ताऱ्याला नाव देऊ नका. शिकवत आले आहे, बेबी! इतका संताप आला स्वतःचा की पेन्सिल मोडली. मग दुसरी शोधावी लागली, तीही बोथट निघाली.

नवा पत्ता लगेच पाठवला. जरासं सरकायचं आहे, केसभर. तुझ्या सहायिकेचं उत्तर: 'या ताऱ्यासाठीची वेळ वापरून झाली आहे. पुढील हंगामात विनंती करावी.'

पुढील हंगामात! पुढील हंगामात तारा असेल. नोंदी नसतील, भडका नसेल, मी नसेन त्या खोलीत.

तिच्याशी मी भांडले नाही. तिचं काय चुकलं? तुझ्याशी भांडतेय.

ताई

३१ मार्च

बेबी,

काल दुपारी फोन वाजला तेव्हा मी इस्त्री करत होते. तुझा आवाज ऐकून आधी वाटलं, कोणीतरी गेलं.

तू विचारशील, जे बोललो तेच पुन्हा कशाला लिहितेस. मला बोलताना सुचत नाही म्हणून. फोन ठेवल्यापासून मी ते सगळं पुन्हा पुन्हा मनात वाजवतेय.

"ताई, तू माझ्या सहायिकेला एका दिवसात चार मेल केलेस?"

"तुला केले असते तर वाचले असतेस?"

"मी बैठकीत असते गं."

"हो, ते साऱ्या दुनियेला माहीत आहे."

"बघितला ना एकदा? थंड निघाला."

"तो शेजारचा होता."

"पत्ता तूच दिला होतास!"

"हो, मीच. तुझी केरसुणी फिरलेल्या यादीतून. चुकलं माझं. आता बरोबर दिलाय."

मग तू एकदम हळू बोललीस, लहानपणी काही फोडलंस की बोलायचीस तशी.

"समज, तुझं बरोबर आहे. मग काय होतं कळतंय का तुला? ती केरसुणी आता फक्त तुमच्याकडे नाही चालत. कुठे कुठे चालते. लोकांनी तिच्यावर पदव्या घेतल्यात. मी उद्या उभी राहून सांगू, की तिने तारे फेकले?"

"सांग."

"सोपं आहे तुला. तुला कोण विचारतं?"

नंतर तू म्हणालीस, "ताई, तसं नव्हतं म्हणायचं मला." नंतर जळका वास आला, उशीचा अभ्रा गेला होता. तेवढ्यात फोन बंद झाला. तू ठेवलास की मी, हे मला खरंच सांगता येत नाही.

आता ऐक. मला कोणी विचारत नाही हे खरंच आहे. तू चुकीचं काही बोलली नाहीस. आजवर जितके शोधनिबंध या खोलीतून गेले, त्यांच्या शेवटी, बारीक अक्षरांत, माझे आभार आहेत. 'चिकाटीने केलेल्या मदतीबद्दल.' माझ्या चिकाटीचे इतक्या वेळा आभार मानले गेलेत की ती आता झिजली असेल. लेखकांच्या ओळीत मी एकदाही नाही. मी तक्रार केली नाही. मला वाटायचं, तारा कोणी सांगितला याने काय फरक पडतो, तारा तर आहे ना. पण आता कळतंय, फरक पडतो. मी सांगितलं म्हणून तो दोन ठिपके आहे. तू सांगितलंस तर तारा होईल.

म्हणून सोपं मला नाही, तुला आहे. मी महिनाभर कोरड्या घशाने ओरडतेय. तुला एकदाच, साध्या आवाजात बोलायचंय.

आणि लोक हसतील म्हणून घाबरतेस? हसतील. मी सांगते कसं असतं ते. सभागृह हसतं, आपणही हसतो, मग चहा होतो. मरत नाही कोणी.

सोमवारपासून पुसायला सुरुवात आहे. डिस्का व्हरांड्यात ओळीने मांडल्यात, कॅमेरावार चिठ्ठ्या चिकटवून. मी आज पुन्हा गेले होते प्रमुखांकडे. त्यांनी नुसती भुवई उचलली: वर्णपट? मी परत आले.

तारा आता मावळतीच्या उजेडात टेकलाय. अजून दोन-तीन संध्याकाळी निघाल्या तर निघाल्या.

ताई

८ एप्रिल

प्रिय बेबी,

फाइल परवा सकाळी आली. सोबत एक ओळ नाही, एक शब्द नाही. मी आधी मेल खालपर्यंत नेऊन बघितलं, चुकून काही राहिलं असेल म्हणून, आणि मगच फाइल उघडली.

दोन शिखरं. हायड्रोजनच्या जागी, शेजारी शेजारी, दोन्ही खांदे वर केलेल्या माणसासारखी. गरगरणाऱ्या कड्याची एक बाजू आपल्याकडे येतेय, दुसरी लांब जातेय. तारा तापलेला, निळा, कमरेभोवती ताजं कडं. याहून स्पष्ट मी दुसऱ्यांच्या पुस्तकांतसुद्धा पाहिलेलं नाही. खाली सगळी संधिप्रकाशाची खरखर होती. दुर्बीण किती खाली वाकवलीस गं? तुमच्या तंत्रज्ञांनी आरडाओरडा केला असेल. निरीक्षकाच्या रकान्यात सहायिकेचं नाव नव्हतं, तुझं होतं.

जुळ्यांची आई मला मिठी मारून म्हणाली, "बाई, निकाल लागला!" हे तुझ्या भाऊजींना सांगितलं तेव्हा ते नुसते हसले. त्यांचा विनोद दुसरीनेच केला होता ना.

आता दुसरं सांगते. प्रमुखांच्या नावाने तुझं पत्रही त्याच सकाळी आलं होतं. त्याची प्रत मला त्यांनी आज दिली. 'या प्रोग्रामच्या नियमात दोष आहे, तो माझा आहे, कच्च्या नोंदी पुसू नयेत.' साध्या आवाजात, जसं मी म्हटलं होतं. मी ते वाचायला खोलीचं दार लावून घेतलं.

पण त्यांनी तुझा लिफाफा 'नंतर बघू'च्या गठ्ठ्यात ठेवला होता. मी वर्णपट छापून घेऊन त्यांच्या टेबलापाशी पोहोचले आणि त्यांनी खाली फोन केला, तोवर पहिल्या दोन कॅमेऱ्यांचं सगळं पुसून झालं होतं. मी व्हरांड्यात गेले. डिस्का अजून कोमट होत्या. तिसऱ्या कॅमेऱ्याच्या तेवढ्या राहिल्या, रांगेत मागे होत्या म्हणून. प्रमुख म्हणाले, "मॅडम, अर्धं तरी वाचलं." अर्धं नाही, तिसरा हिस्सा. गणितातही उदार माणूस.

तू उशीर केलास. हे लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण लिहिते, नाहीतर ते माझ्या पोटात राहील. एक आठवडा आधी केलं असतंस तर सगळं राहिलं असतं. आणि तू केलंस, हेही लिहिते. कोणी करत नाही.

शुक्रवारी मी किल्ली देऊन टाकणार. त्याआधी कोणाला काय द्यायचं ते सांगून ठेवते, कारण इथे सांगितलं तर पुढच्या आठवड्यात होईल.

तिसऱ्या कॅमेऱ्याच्या डिस्का तुमच्या वेधशाळेत यायला हव्यात. पोस्टाने मागवू नकोस, माणूस पाठव, आणि तो सही घेतल्याशिवाय इथून हलणार नाही असा पाठव.

परवा सापडलेला तारा तुझा. त्याच्यावर तू लिही. केरसुणीने काय केलं ते पहिल्याच परिच्छेदात लिही, तळटीपेत नको. तिची दुरुस्तीही तुझीच. ती सहायिकेला देऊ नकोस, कितीही बैठका असल्या तरी.

ज्या उमेदवारांच्या कच्च्या नोंदी वाचल्या, ते सगळे जुळ्यांच्या आईला. शेजार बघायची नजर तिच्याकडे आहे, माझी घाईत चुकली तेव्हा तिची चुकली नाही. त्या निबंधावर पहिलं नाव तिचं. तिला कोणी 'चिकाटीबद्दल आभार' म्हणून वाटेला लावायला आलं तर तू मध्ये पड. तुझं ऐकतात.

माझं नाव त्या दोन्हींत लेखकांच्या ओळीत घालायचं, शेवटी घाल हवं तर. तिथे बसत नसेल तर कुठेच नको. आभारांत तर मुळीच नको.

खुर्ची कोणालाच देऊ नये, तिचं एक चाक निसटतं, अपघात होईल. पंखा प्रमुखांना.

राहिले ते, ज्यांचे भडके पुसले गेले. त्यांना आता उमेदवारही म्हणता येत नाही, दाखवायला काही नाही. 'मी पाहिलं होतं' याला आपल्या धंद्यात किंमत नसते, आणि नसावीच. ते मला. त्यांचे पत्ते माझ्याकडे आहेत, या वेळी शेजार बघून घेतलेले. ते पुन्हा कधी भडकतील, सांगता येत नाही. यंदा, किंवा माझ्यानंतर. मी घरून बघत राहीन. तेवढ्यासाठी तुमच्या नव्या नोंदी, झाडायच्या आधीच्या, मला बघता येतील अशी सोय करून दे. परवानगी माझ्या नावाने काढ, 'निवृत्त' असं कंसात न लिहिता.

आणि यापुढचे वर्णपट थेट जुळ्यांच्या आईकडे पाठवत जा, मी मध्ये नको. माझ्याकडे पत्र पाठव. तुझ्या हातचं, घरच्या पत्त्यावर.

तुझी
ताई